खसखशीची पुडी

माझ्या सासूबाईंना दुसऱ्याने भरलेली बॅग बघवत नसे. आपण चार दिवस खपून घड्या घालाव्यात, वजन करून, कुलूप लावून बॅग ओटीवर आणून ठेवावी आणि निघायच्या सकाळी आंघोळ करून यावं, तर कुलूप उघडं. "काही नाही गो, जरा आमसुलं घातली," असं त्या म्हणत. आमसुलांच्या आडून आणखी काय काय आत गेलंय, ते कुवेतला पोचल्यावरच कळायचं. एकदा जुन्या लुगड्याचं पायपुसणं निघालं होतं. त्यांच्या हातचं, त्यामुळे टाकताही येईना. एकदा कोयता निघता निघता राहिला, कारण तो दिरांनी वेळेवर पाहिला.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. आम्ही कुवेतच्या हवल्ली भागात दोन खोल्यांत राहत होतो. नवरा कुवेत सिटीतल्या एका कंपनीच्या ऑफिसात होता आणि मी जाब्रियातल्या एका खासगी दवाखान्याच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ होते. त्या वर्षी मला पाचवा महिना होता. पुढे प्रवास करता येणार नाही म्हणून मी एकटीच रत्नागिरीजवळच्या आमच्या गावी पंधरा दिवस राहून परत निघाले होते. दिवाळी आठवड्यावर आली होती. सासूबाईंनी तांदूळ तीन दिवस भिजवून, कुटून, गुळात मळून अनारशाच्या पिठाचे गोळे करून दिले होते. तो डबा मी स्वतः बॅगेत ठेवला. कुलूपही लावलं. त्यानंतर आंघोळीला गेले, ही चूक झाली.

कुवेतच्या विमानतळावर सकाळी माझी बॅग उघडायला लावली. कस्टमच्या माणसाने डबा उघडला, गोळे हुंगले, आणि डब्याच्या तळाशी हात घालून फडक्यात बांधलेली एक पुडी वर काढली. ती मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. आत खसखस होती. अनारसा थापायचा तो खसखशीवर, तेव्हा सूनबाई तिथे खसखस कुठे शोधत बसेल, म्हणून सासूबाईंनी घातली असणार, हे मला त्या क्षणीच कळलं आणि हसूही आलं. मी त्या माणसाला हिंदीतून सांगायला लागले की हे खायचं असतं, गोडाला लावतात. त्याचा चेहरा मात्र बदलला होता. त्याने दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्याने तिसऱ्याला.

खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी, आणि म्हणून त्या देशात ती आणायला बंदी आहे, हे मला एका बंद खोलीतल्या खुर्चीवर बसून कळलं. आमच्याकडे खसखशीची खीर करतात. झोप न येणाऱ्या म्हाताऱ्यांना ती वाटून दुधातून देतात. तिला कोणी कधी अफूशी जोडलं नव्हतं. लॅबमध्ये काम करणाऱ्या बाईला हे माहीत नसावं, याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटली.

चौकशीला हिंदी बोलणारा एक दुभाषा आला. अधिकारी आवाज न चढवता बोलत होता. त्याने विचारलं, बॅगेत ही पुडी कोणी ठेवली?

खरं उत्तर अगदी सोपं होतं. पण माझ्या बाळंतपणासाठी सासूबाईंना बोलवायचं होतं, आणि त्यांच्या व्हिसाचा अर्ज नुकताच आत गेला होता. त्यांचं नाव इथल्या पोलिसांच्या कागदावर चढलं तर त्यांना या देशात पाऊल टाकता येणार नाही, असं मला वाटलं. खरंच तसं झालं असतं की नाही, मला आजही ठाऊक नाही. पण पहिलं मूल, आई लहानपणीच गेलेली, आणि त्या परक्या गावात माझ्या उशाशी बसणारं दुसरं कोणी नव्हतं.

"मी ठेवली," मी म्हणाले.

त्याने पुन्हा विचारलं. मग दुभाषाने स्वतःहून तिसऱ्यांदा विचारलं, जरा समजावणीच्या सुरात, म्हणजे दुसरं कोणाचं नाव असेल तर आत्ता सांगा, बाई. मी तिन्ही वेळा तेच सांगितलं. मग अरबीतल्या कागदावर सही केली. सही कुठे करायची, तेही त्यांनी बोटाने दाखवलं.

नवऱ्याच्या आणि आमच्या डॉक्टरांच्या हमीवर मला दुपारी सोडलं. काही महिन्यांनी निकाल लागला. न्यायाधीशाने चिमूटभर खसखस पाहिली, माझं पोट पाहिलं, वाईट हेतू नव्हता हे मान्य केलं, आणि गुन्हा किरकोळ धरून दंडावर सोडलं. परत पाठवलं नाही, हे नशीब. पण गुन्हा तो गुन्हाच. माझ्या नावापुढे तो लिहिला गेला. पिठाचा डबा तर विमानतळावरच परत मिळाला होता. घरी आल्यावर मी ते सगळे गोळे कचऱ्यात टाकले. अन्न टाकू नये म्हणतात, पण मला तो डबा डोळ्यांसमोर नको होता.

सासूबाईंना काही कळवायचं नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं. त्या हिवाळ्यात आल्या, तीन महिने राहिल्या आणि मला फुलासारखं जपलं. मुलीला तेल लावता लावता एकदा त्यांनी विचारलं, अनारसे कसे झाले होते? काहीतरी सांगायला हवं होतं. "हसले," मी म्हणाले. तुपात सोडलेला अनारसा कधी कधी विरघळून पसरतो, त्याला आमच्याकडे अनारसा हसला म्हणतात. सगळेच? त्यांनी विचारलं. सगळेच, मी म्हणाले.

हे त्यांच्या पोटात राहणं शक्यच नव्हतं. गावी गेल्यावर त्यांनी ते वाडीभर सांगितलं. आमच्या सुनेला लोकांचं रक्त तपासता येतं, अनारसे येत नाहीत. तेव्हापासून मी ती अनारसे न येणारी सून झाले. लग्नकार्यात गेलं की कोणी ना कोणी तो विषय काढायचंच. दर दिवाळीच्या आधी फोनवर सासूबाई विचारायच्या, पीठ पाठवू का गो? मी म्हणायचे, नको, मला जमत नाहीत. त्या हसायच्या. मला राग यायचा. इतका राग यायचा की फोन ठेवल्यावर मी उगाच भांडी आपटायचे, आणि नवरा गुपचूप दुसऱ्या खोलीत जायचा.

अशी अकरा वर्षं गेली. मग दवाखाना नव्या मालकांकडे गेला. लॅबच्या लोकांचे परवाने वर्षअखेरीस नव्याने काढायचे आणि प्रत्येकाने गुन्हा नसल्याचा दाखला जोडायचा, असा त्यांनी नियम केला. बाकीच्यांना तो एका फेरीचा कंटाळा होता. मी मात्र ती सूचना हातात घेऊन लॅबच्या मागच्या खोलीत जाऊन बसले. दाखला नाही तर परवाना नाही, आणि परवाना नाही तर काम नाही. मला ते काम फार आवडायचं. सुईला घाबरणारी मुलं सगळे माझ्याकडे पाठवायचे, कारण माझी सुई दुखत नाही, अशी ख्याती होती. आयुष्यात माझ्या हाताला मिळालेलं तेवढं एकच प्रशस्तिपत्र होतं. अनारशांचं काय झालं ते सांगितलंच.

दवाखान्याचा मंदूब, म्हणजे सरकारी कचेऱ्यांत कागद घेऊन फिरणारा माणूस, रायगडच्या किनाऱ्यावरचा मुसलमान होता. वयाने मोठा, अरबी अस्खलित, आणि आमच्याशी बोलताना मात्र थेट गावची बोली. सगळे त्याला चाचा म्हणायचे. मी दार लावून त्याला सगळं सांगितलं, फक्त पुडी कोणी ठेवली तेवढं सोडून. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"वयनी, ह्याला इथं जुन्हा म्हणतात. लहान गुन्हा. इतकी वर्सं तुमी नीट रायलाव ना? मंग कोर्टाकडं अर्ज करायचा. ते इतबार परत देतात."

इतबार म्हणजे आपल्याकडे म्हणतात तेच, माणसाची पत, विश्वास. तो कोर्टाकडून परत मिळतो, हे मला नवीन होतं.

त्यानंतर दोनेक महिने कागदांत गेले. टायपिंगच्या टपरीवर अर्ज लिहून घेतला, दवाखान्याचं पत्र घेतलं, फोटो दिले. जुन्या निकालाची नक्कल मिळायला सगळ्यात वेळ लागला. खिडकीवरचा माणूस दर वेळी बुक्रा म्हणायचा, म्हणजे उद्या. हा उद्या उजाडायला कधी कधी आठवडा लागायचा. नक्कल मिळाली, तेव्हा चाचाने गाडीत बसून ती मला वाचून दाखवली. अकरा वर्षांत मला पहिल्यांदाच कळलं की त्यात काय लिहिलंय. "बॅगेत वस्तू कोणी ठेवली, असं तीनदा विचारलान. बाईने तीनदा सांगितलान, मी ठेवली." तो थांबला. चष्मा काढून त्याने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, खरंच तुम्ही ठेवली होती? मी काचेतून बाहेर बघत राहिले. त्याने नक्कल घडी करून फाइलमध्ये ठेवली आणि गाडी सुरू केली.

अर्जानंतर चौकशी होणार होती. अर्जदार कसा राहतो, शेजाऱ्यांशी कसा वागतो, हे बघायला कोणी येऊ शकेल, घरीच राहा, असं चाचाने दिवसासकट सांगून ठेवलं होतं. आणि नेमक्या त्याच हिवाळ्यात सासूबाई नातीला भेटायला आल्या होत्या. त्या दिवशी त्यांना देवळाच्या नावाने कुठे पाठवावं, तर तिथे देऊळ नाही. मैत्रिणीकडे बसवून येते म्हटलं, तर त्यांचे गुडघे दुखत होते. शेवटी मी सांगितलं की लॅबच्या परवान्यासाठी एक साहेब येणार आहे. हे खोटं नव्हतं. तो आला तर हिंदीत किंवा इंग्रजीत बोलणं होईल आणि त्यांना फारसं कळणार नाही, असा माझा हिशोब होता.

साहेब तरुण होता, पांढऱ्याशुभ्र दिशदाशात, म्हणजे अरबांच्या पायघोळ अंगरख्यात. इमारतीच्या रखवालदाराशी खाली बोलून तो चाचाबरोबर वर आला. त्याला अरबीशिवाय काही येत नव्हतं. चाचा मध्ये बसला. साहेबाने प्रश्न विचारला, आणि चाचा माझ्याकडे वळून, सवयीप्रमाणे, स्वच्छ कोकणच्या मराठीत म्हणाला, "वयनी, ते इचारतायत, त्या खसखशीच्या केसनंतर परत कदी पोलिसात जायला लागलं काय? नि ती पुडी कशाला आणलेली, ते एकदा तुमच्या तोंडून सांगा."

आपल्या भाषेत बोलणारा मंदूब मिळाला म्हणून मी दोन महिने किती खूश होते. तेच नडलं. सासूबाई चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

मी सांगितलं की परत कधीच नाही, आणि पुडी दिवाळीच्या गोडाची होती.

"कसली पुडी?" सासूबाईंनी विचारलं. मी त्यांना आत जायला सांगितलं. त्या गेल्या नाहीत. ट्रे टेबलावर ठेवला, माझ्या तोंडाकडे पाहिलं, चाचाच्या मांडीवरच्या फाइलकडे पाहिलं. त्यांना अक्षर बेताचं यायचं, पण माणसाचं तोंड त्या सहज वाचायच्या.

"अनारशाच्या पिठातली?" त्या म्हणाल्या. मग पदर खोचून चाचाकडे वळल्या. "अहो, त्यांना सांगा. ती पुडी मी घातली होती. हिला ठाऊकसुद्धा नव्हतं."

हे अरबीत गेलं असतं, तर त्याचा अर्थ मी अकरा वर्षांपूर्वी चौकशीत खोटं बोलले असाच झाला असता. किरकोळ गुन्हा पुसायला निघाले आणि दुसरा ओढवून घेतला, असं झालं असतं. मी चाचाकडे पाहून नको अशी मान हलवली. सासूबाई म्हणाल्या, सांगा हो, गप्प काय बसलात. साहेब तिघांकडे आळीपाळीने बघत होता.

चाचाने घसा खाकरला आणि अरबीत एक लांबलचक वाक्य बोलला. साहेबाने सासूबाईंकडे नीट पाहिलं, छातीवर हात ठेवून जरा मान लववली आणि चहाचा कप उचलला. आणखी काहीतरी विचारलं. चाचाने उत्तर दिलं, त्यावर दोघे हसले. दोन ओळी लिहून साहेब उठला.

मी जिन्यापर्यंत गेले. चाचाला हळूच विचारलं, काय सांगितलंत? तो म्हणाला, "मी सांगितलं, ही हिची सासू हाय, नि म्हणते, माझी सून लाखात एक हाय. तो म्हणला, सासू असं बोलते, मंग अजून कोणाला इचारू?"

घरात आले तर सासूबाई ओट्याला टेकून उभ्या होत्या. त्यांनी मला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. खोली कशी होती, किती वेळ बसवलं, पाणी दिलं का. शेवटी विचारलं, तेव्हा पोटात ही होती ना? मी हो म्हणाले. मग त्या रडायला लागल्या, आणि रडता रडता माझ्यावर चिडल्या. मला का सांगितलं नाहीस?

"सांगितलं असतं, तर तुम्ही आला नसतात. स्वतःला दोष देत तिकडेच बसला असतात."

"आणि न सांगून काय केलंस? अकरा वर्षं मी गावभर तुझं हसं करत फिरले. तू मला फिरू दिलंस."

ते खरं होतं. पहिल्या वर्षी मी त्यांना वाचवायला गप्प बसले होते. नंतर नंतर मला ते गप्प बसणं आवडायला लागलं होतं. त्या हसायच्या तेव्हा मी मनात म्हणायचे, हसा, तुम्हाला काय माहीत. मी त्यांच्यापेक्षा मोठी आहे, असं मला वाटायचं. सासूबाईंशी माझं कधी भांडण झालं नाही, याचं लोक कौतुक करायचे. भांडायची मला गरजच नव्हती. हे मी त्यांना सांगितलं नाही, पण मला वाटतं, त्यांना कळलं.

मुलगी शाळेतून आली आणि दारातच थांबली. "व्हाय इज आजी क्रायिंग?" तिने विचारलं. सासूबाई डोळे पुसून म्हणाल्या, कांदा. ओट्यावर कांदा नव्हता.

त्या गावी परतल्यावर महिनाभराने कागद आला. चाचाने तो स्वतः लॅबमध्ये आणून दिला आणि जिथे गुन्हा लिहितात तिथे बोट ठेवलं. तिथे अरबीत दोनच शब्द होते, म्हणजे काही नाही. त्या संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. आला का कागद? आला. काय लिहिलंय? काही नाही, असं लिहिलंय. "मग बरोबर लिहिलंय," त्या म्हणाल्या आणि अनारशांचं नावही न काढता फोन ठेवला. माझा परवाना नवा झाला. मी सुया टोचत राहिले.

पुढच्या दिवाळीला आम्ही गावी गेलो. अनारशांच्या दिवशी स्वयंपाकघरात सासूबाई, माझ्या दोन्ही जावा आणि चुलतसासू अशी सगळी मंडळी होती. मी आत पाऊल टाकताच चुलतसासू म्हणाल्या, पीठ झाका गो, कुवेतवाली आली. सगळ्या हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी कढईखालची आच बारीक केली आणि पाटावर बसून सगळं सांगितलं. कुलूप कसं उघडलं, पुडी कुठे दडवली, विमानतळावर काय झालं. स्वतःला वाचवेल असा एकही शब्द त्यात नव्हता. "आणि तीनदा विचारलंन तर हिने तीनदा सांगितलंन, मी ठेवली," त्या म्हणाल्या. "हिचे अनारसे हसले नव्हते. केलेच नव्हते."

सासूबाईंनी परात माझ्याकडे सरकवली. केळीच्या पानावर खसखस पसरलेली होती. इतक्या वर्षांनी मी तिला हात लावला. गोळा थापला, झारा घेतला आणि अनारसा तुपात सोडला.

तो हसला. चांगला खदखदून हसला, कढईभर पसरला. आच बारीक केली होती त्यांनी, पण बोलण्याच्या नादात कोणीतरी पुन्हा वाढवली होती, किंवा माझाच हात हलका पडला असेल. मला रडू येईल असं वाटलं. चुलतसासूंनी मान उंच करून कढईत पाहिलं.

"कोणाचा गो तो?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "माझा. मी सोडला."

मी म्हणाले, आई. त्यांनी माझ्या हातातला झारा काढून घेतला. "मी सोडला," त्या पुन्हा म्हणाल्या. चुलतसासू म्हणाल्या की अहो, मी डोळ्यांनी पाहिलं, झारा हिच्या हातात होता.

"मी सोडला म्हणते ना," सासूबाई म्हणाल्या. तुपातले तुकडे निथळून त्यांनी ताटलीत काढले, आच कमी केली आणि दुसरा गोळा माझ्या हातात दिला.